अबूचा अबी

झोल्ट त्या शुक्रवारी गप्प उभा राहिला असता, तर एका म्हाताऱ्याची दोन महिन्यांची झोप, एका सरकारी कचेरीची शांतता आणि एका पाथरवटाशी असलेले जुने संबंध, एवढं सगळं शाबूत राहिलं असतं. पण व्याकरण शिकणाऱ्या माणसाला चूक दिसली आणि ती बोलायची नाही म्हटलं, की शिंक दाबून धरल्यासारखं होतं. डोळ्यांत पाणी येतं, नाक लाल होतं आणि शेवटी शिंक यायची ती येतेच.

दिवस इन्साफबाईंच्या मृत्यूच्या चौथ्या वर्षदिनाचा होता. त्यांचे यजमान उस्ताद अबू अल-वफा कबरीसमोर हात पसरून प्रार्थना म्हणत होते. झोल्ट त्यांच्या मागे दोन पावलांवर गोड पावांची करंडी घेऊन उभा होता. दफनभूमीच्या दाराशी बसणाऱ्या गरिबांना ते पाव वाटायचे असतात आणि करंडी घरातल्या धडधाकट माणसाने धरायची असते. उस्तादांच्या घरात धडधाकट म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन कुवेतला गेलेली. मागची दोन वर्षं तिच्या आईच्या शिवणाच्या खोलीत हा हंगेरीचा सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी भाड्याने राहत होता. अरबी शिकायला म्हणून कैरोत आला होता. त्याचं नाव गल्लीत कुणाच्याच जिभेला वळेना, तेव्हा जवळात जवळचं म्हणून सगळ्यांनी मिळून त्याचा 'सुलतान' करून टाकला. शिवणयंत्र आणि खाट यांच्यामधून आडवं होऊन सरकावं लागतं, अशा खोलीतला सुलतान.

तर हा सुलतान, समोर अक्षरं दिसली की वाचायची या सवयीने, कबरीवरची संगमरवरी पाटी वाचत होता. एकदा वाचली. परत वाचली. प्रार्थना संपेपर्यंत थांबला (एवढं तरी त्याच्या बाजूने नोंदवायला हवं) आणि मग अगदी विनयाने म्हणाला, "उस्ताद, इथे षष्ठी हवी होती ना?"

प्रकार असा आहे की अरबीत 'अबू'ने सुरू होणारं नाव विभक्तीप्रमाणे रूप बदलतं. आला तर अबू, त्याला पाहिलं तर अबा, आणि त्याची बायको म्हणायचं असेल तर अबीची बायको. पाटीवर 'अबू अल-वफा यांची पत्नी' असं कोरलेलं होतं. तिथे 'अबी' हवं. फरक एका अक्षराचा. एखाद्या विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर उस्तादांनी पहिल्या वेळी अर्धा गुण कापला असता आणि दुसऱ्या वेळी त्याचा कान धरला असता.

उस्तादांनी खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि लावला. चार वर्षं ते दर महिन्याला इथे येत होते. चष्मा लावून पाटीकडे आज पहिल्यांदाच पाहत होते, हे झोल्टच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्याच्या हातातली करंडी एकदम जड झाली.

"षष्ठीच हवी," उस्ताद म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले. समोरच्या दुकानाच्या पाटीत लिंगाची चूक होती, एका भिंतीवर अनेकवचन चुकलं होतं, पण त्यांनी एका शब्दाने टोकलं नाही. झोल्टला हे फार वाईट लक्षण वाटलं.

कारण उस्ताद म्हणजे कोण? अडतीस वर्षं सरकारी शाळेत व्याकरण शिकवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर वर्गाची जागा घराने घेतली. टीव्हीवरच्या बातम्या ते बातमीसाठी ऐकत नसत. निवेदक घसरला की खुर्चीतून अर्धवट उठून ओरडत, "कर्ता आहे तो, कर्ता! कुणी शिकवलं याला?" कुठे आग लागली की पूर आला, हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळे. आणि गल्लीतलं बोलणं? कैरोत कुणीच पुस्तकासारखं बोलत नाही. लोक शब्दांची शेपटं कापतात, मधली अक्षरं गिळतात आणि उरलेल्यावर कांदा घालून खातात, असं उस्ताद म्हणत. अशा या वनवासात एक दिवस हंगेरीहून हा मुलगा आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "हे आदरणीय गृहस्थहो, आपल्या सदनी एक कक्ष रिक्त असल्याचे मजला ज्ञात झाले आहे." उस्तादांनी भाडं किती ते सांगायच्या आधी त्याला मिठी मारली.

बाहेर मात्र झोल्टची या भाषेने फार फजिती झाली. पहिल्याच आठवड्यात तो भाजीवाल्याला म्हणाला, "हे सज्जन विक्रेत्या, यांतील कोवळी वांगी मजसाठी निवडण्याची कृपा करशील काय?" भाजीवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला आणि रस्त्यावरच्यांना हाका मारल्या, "अरे, धावा! टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिकेतला माणूस वांगी घ्यायला आलाय! महाराज, तलवार कुठे ठेवलीत?" तेव्हापासून झोल्ट दुकानात जाण्याआधी वाक्य मनात जुळवून, मोडून, परत जुळवून घेई आणि इतक्यात दुकान बंद होई. दोन वर्षांत त्याचं वजन सहा किलोने घटलं होतं, त्यातले चार तरी भाषेमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद दाढी करून, टाय लावून तयार झाले. "एक अक्षर आहे," ते म्हणाले. "तासाभराचं काम. पाथरवटाने चूक केली, पाथरवट दुरुस्त करेल."

जिन्यात अवातिफकाकू भेटल्या. त्या खालच्या मजल्यावर राहत आणि जिन्यातून काहीही गेलं की त्याची विचारपूस करत, मग तो माणूस असो, मांजर असो की गॅसचं सिलिंडर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढंच ना? पांढरा रंग द्या त्या अक्षरावर. माझ्या भावाच्या टॅक्सीचा नंबर असाच बदलला होता."

"काकू, ती कबर आहे," झोल्ट म्हणाला.

"मग काय झालं? टॅक्सी तरी पावसात उभी असायची."

संध्याकाळपर्यंत बातमी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात पोचली आणि तिथे दोन तट पडले. औषधवाल्याचं म्हणणं, नाव म्हणजे नाव, ते जन्मदाखल्यावर आहे तसंच राहणार. "उद्या षष्ठीत माझी मिशी पण कापाल!" निवृत्त टपालमास्तर मात्र 'अबी'च्या बाजूचे निघाले. त्यांना व्याकरण येत नव्हतं, पण औषधवाल्याशी त्यांचं वाकडं होतं. अबूवाले दाराशी बसू लागले, अबीवाले शेगडीशी. जन्मात विभक्ती न ऐकलेली माणसं षष्ठीवरून हमरीतुमरीवर येताना पाहून उस्तादांना एरवी आनंदाचं भरतं आलं असतं. आता ते तिथून मान खाली घालून जात.

पाथरवट हाजी मितवल्ली म्हातारा, किडकिडीत आणि कमी बोलणारा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, 'अबू'तल्या वाव अक्षराचा 'अबी'तला या करता येत नाही. वाव मी खोल खोदलाय. खोदलेलं बुजवायला दगड काही परत उगवत नाही. भुकटी भरून बघता येईल. पण तिथल्या दगडाला हात लावायचा तर कचेरीचा कागद लागेल."

"चूक तू करायची आणि कागद मी आणायचा?" उस्तादांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं थडगी कोरतोस, एक विभक्ती शिकता आली नाही तुला? मेलेल्यांची तरी लाज बाळग!"

हाजी छिन्नी पुसत राहिला. उस्तादांनी मात्र जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, मितवल्ली निरक्षर आहे, त्याच्याकडे कुणी जाऊ नका. आठवड्याभरात दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडून परत गेल्याचं टपालमास्तरांनी अभिमानाने सांगितलं. झोल्टला ते बरं वाटलं नाही, पण शिष्याने गुरूला काय सांगावं? शिवाय सुरुवात कुणी केली होती?

आता कचेरी. दफनभूमीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिथल्या सुहैरबाई पहिल्या दिवसापासून उस्तादांच्या नशिबी लिहिलेल्या होत्या. टेबलावर फायली, फायलींवर चहाची किटली, किटलीवर ऊब राहावी म्हणून विणलेली टोपी. उस्तादांनी अर्ज स्वतः सांगितला होता आणि झोल्टने तो सुंदर अक्षरात, प्रत्येक स्वरचिन्हासकट, अडीच पानं लिहून काढला होता.

सुहैरबाईंनी तो उलटा धरला, सुलटा धरला. "हे काय आहे?"

"अर्ज," झोल्ट म्हणाला.

"मला वाटलं खोदकामात सापडलं. कळेल असं लिहून आणा."

दुसऱ्या खेपेला कळेल असं लिहून नेलं.

"मयताचं नाव?"

"इन्साफ," उस्ताद म्हणाले.

"नवऱ्याचं?"

"अबू अल-वफा."

"आणि पाटीवर काय हवंय?"

"अबी अल-वफा."

सुहैरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे दुसरा नवरा?"

"बाई, एकच नवरा! मीच तो. षष्ठीत अबूचा अबी होतो."

"कुठे होतो?"

"षष्ठीत!"

"ते कुठल्या जिल्ह्यात येतं?"

उस्तादांनी टेबलाचा आधार घेतला. पुढचा पाऊण तास त्यांनी सुहैरबाईंना, शेजारच्या दोन कारकुनांना आणि मृत्यूचा दाखला न्यायला आलेल्या एका कुटुंबाला विभक्ती शिकवली. ते कुटुंब रडत आलं होतं, मधल्या वेळात रडायचं थांबून त्यातला एकजण म्हणाला, "मग द्वितीयेत काय होतं?" उस्तादांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. पण सुहैरबाई बधल्या नाहीत. संगणकात नवरा अबू आहे, पाटीवर अबी आला तर कबरीत कुणाची बायको आहे हे सरकारला कसं कळणार? अबू आणि अबी हा एकच इसम असल्याचा कागद आणा, दोन्ही नावांनी ओळखणारे दोन साक्षीदार आणा.

साक्षीदार मिळवणं सोपं नव्हतं. औषधवाल्याने तत्त्व म्हणून नकार दिला. अवातिफकाकू तयार झाल्या, पण कचेरीत शपथ घेताना म्हणाल्या, "मी यांना चांगली ओळखते, पण अबी म्हणून कुणी हाक मारताना देवाशप्पथ कधी ऐकलं नाही." झोल्टने हात वर केला तर सुहैरबाईंनी विचारलं, "तुमचं मयताशी नातं?"

"मी त्यांच्या खोलीत राहतो."

शेजारच्या कारकुनाने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. दोन वर्षं पुस्तकी अरबी शिकून इतकं चुकीचं वाक्य इतकं शुद्ध बोलल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. खुलासा करता करता झोल्ट घामाघूम झाला, आणि मग त्याचा देशात राहण्याचा परवाना तपासण्यात आला, आणि त्यात शिक्षणसंस्थेचा शिक्का पुसट निघाला, आणि तो शिक्का नव्याने मारून आणायला पाच दिवस गेले. ते काही सांगत बसत नाही.

असं करत सहा आठवडे गेले. उस्ताद आठवड्यातून तीनदा कचेरीत जात. थकून येत, पण येऊन जेवत, आणि जेवता जेवता सांगत, आज त्या अमुक कारकुनाने विचारलं, बाईंचा जन्म कुठला. मी सांगितलं, मनसूरा. तर तो म्हणाला, माझी आईपण तिथलीच. झोल्टला वाटू लागलं की हे काम कधीच न संपलं तरी चालेल.

मग एका दुपारी हाजी मितवल्ली घरी आला. पाच मजले चढल्याने त्याला धाप लागली होती. बसला नाही. कोटाच्या आतल्या खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून वहीचा फाटका कागद काढला आणि उस्तादांच्या समोर ठेवला.

"मी गिऱ्हाइकांचे कागद टाकत नाही," तो म्हणाला. "माझं नाव खराब झालं नसतं तर हा दाखवलाही नसता."

कागदावर पाटीचा मजकूर होता. अक्षर उस्तादांचं. झोल्टने ते हजार वेळा पाहिलं होतं, स्वतःच्या वहीच्या समासात लाल शाईत. 'अबू अल-वफा यांची पत्नी.' स्वच्छ, ठसठशीत अबू.



"मी विचारलं होतं, साहेब," हाजी हळू आवाजात म्हणाला. "मला थोडंफार कळतं. कुराणाच्या शाळेत होतो मी लहानपणी. मी विचारलं, अबू का अबी? तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. म्हणालात, काहीही कोर, आता काय फरक पडतो."

उस्तादांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत टेबलावर ठेवला. मग उठले, हाजीचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "माफ कर." ते रस्त्यातल्यासारखं बोलले, शेपूट कापलेलं. झोल्टने त्यांच्या तोंडून तसं कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, असू द्या," हाजी म्हणाला. "असं म्हणतातच सगळे, त्या दिवशी." आणि चहा न घेता गेला.

त्यानंतर शिकवणी बंद पडली. टीव्ही लागे, निवेदक चुके, आणि उस्ताद खुर्चीत बसून राहत. तिसऱ्या दिवशी झोल्टने चहा केला, त्यांच्यासमोर ठेवला आणि वही उघडली. निदान चुका तरी दाखवाव्यात म्हणून मुद्दाम दोन करून ठेवल्या होत्या.

उस्तादांनी वहीकडे पाहिलं नाही. "ती शाळेत फार गेली नव्हती," ते म्हणाले. "मनसूराची बोली तिची. एक वाक्य बोलली की मी दुरुस्त करायचो. सवय. तिलाही सवय होती, हसायची. दवाखान्यात शेवटच्या दिवशी डोळे उघडून म्हणाली, 'तू जेवलास का?' पण जेवणं हा शब्द तिने तिकडचा वापरला, गावाकडचा. मी म्हटलं, 'असं नाही, इन्साफ,' आणि बरोबर शब्द सांगितला." त्यांनी चहाचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "ती हसली. मग काही बोलली नाही. त्यानंतर बोललीच नाही."

झोल्टला सांत्वनाची सतरा वाक्यं पाठ होती. परीक्षेत आली होती. त्यातलं एकही त्याला तोंडातून काढता येईना.

"अर्ज मागे घेऊन ये," उस्ताद म्हणाले. "राहू दे ते अबूच."

दुसऱ्या दिवशी झोल्ट कचेरीत गेला. अवातिफकाकू त्याच्याबरोबर आल्या, कारण सुहैरबाईंशी माणसाच्या भाषेत बोलायला कुणीतरी हवं. रांग मोठी होती. काकूंनी पिशवीतून भाजलेल्या बिया काढल्या आणि सोलता सोलता म्हणाल्या, "इन्साफ माझ्याकडे रोज यायची, माहितेय? सकाळी अकराला. तास तास बडबडायची. गावाकडच्या म्हशी, भावाचं लग्न, काय नि काय! मी म्हणायची, अगं, घरी बोल की हे. तर म्हणायची, घरी बोलले की ते दुरुस्त करतात, मग मला काय सांगायचं होतं तेच विसरायला होतं." त्यांनी टरफलं रुमालात गोळा केली. "वाईट नव्हता रे माणूस... वाईट नाहीये. जीव होता तिच्यावर. दोन वर्षं स्वतःच्या हाताने औषधं दिली. पण तू बघ ना, तूसुद्धा, सुलतान. आलास तेव्हा किती बोलायचास! वेडंवाकडं, पण बोलायचास. आता जिन्यात भेटलास की आधी आकाशाकडे बघतोस."

झोल्टने आकाशाकडे पाहिलं. तिथे कचेरीचा पंखा होता.

खिडकीशी पोचल्यावर काकू म्हणाल्या, "सुहैरबाई, आम्हाला तो अर्ज मागे घ्यायचाय."

"मागे?" सुहैरबाईंनी ड्रॉवर उघडला आणि तीन शिक्के असलेला एक कागद बाहेर काढला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू होतं. "मंजूर झालाय! वर स्वतः जाऊन सही आणली मी. म्हटलं, उस्तादांनी एवढं शिकवलं, त्यांचं काम व्हायलाच हवं. संगणकातसुद्धा बदललं. नवरा अबी."

"पण आता त्यांना अबूच हवंय," झोल्ट म्हणाला.

हसू मावळलं. "असं कसं? संगणकात अबी, पाटीवर अबू, म्हणजे बाई परक्या माणसाची बायको ठरली. तपासणीत पाटी उतरवतील. पंधरा दिवसांत अबी करून घ्या." आणि मग, किटलीवरची टोपी सारखी करत, जरा खालच्या आवाजात, "मी चांगल्यासाठी केलं हो."

त्या खरंच चांगल्यासाठी बोलत होत्या, म्हणून भांडताही येईना.

उस्तादांनी तो कागद वाचला, दोन वेळा वाचला. झोल्टला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "सरकारच्या मताने व्याकरण बरोबर आहे तर. अडतीस वर्षांत पहिल्यांदा." आणि हसायचा प्रयत्न केला.

मंगळवारी सकाळी सगळे कबरीवर गेले. हाजी मितवल्लीने मजुरी घेणार नाही म्हणून आधीच बजावलं होतं. दफनभूमीचा राखणदार शहाताकाका पाण्याची बादली घेऊन आला. हाजीने वावमध्ये संगमरवराची भुकटी आणि चिकट काहीतरी भरलं, वाळू दिलं, घासलं, आणि मग कान लावून ऐकत असल्यासारखा वाकून 'या' कोरायला बसला. दोन महिन्यांचं काम चाळीस मिनिटांत झालं. अक्षर सुरेख आलं. बाजूने ऊन पडलं की मात्र खाली बुजवलेला वाव फिकट दिसत होता, पाण्याखाली काही दिसावं तसा.

"झालं, साहेब," हाजी म्हणाला.

सगळे उभे राहिले. काम संपल्यावर जसं उभं राहतात तसे, हात कुठे ठेवायचे ते न कळून.

तेव्हा शहाताकाका म्हणाला, "उस्ताद, जरा वाचून दाखवता का? चार वर्षं ही पाटी रोज धुतोय. काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नाही मला."

उस्तादांनी चष्मा लावला. टायची गाठ सारखी केली, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. वर्गात वाचत तसं, सावकाश, प्रत्येक शब्दाचं शेपूट पूर्ण उच्चारत. मनसूराचा उल्लेख आला, इन्साफबाईंच्या वडिलांचं नाव आलं, 'अबी अल-वफा यांची पत्नी' आलं आणि ते तिथे अडखळले नाहीत. मग तारीख, आणि शेवटी, 'ईश्वराच्या दयेत गेली.'

आता अरबी वाचण्याचा एक साधा नियम आहे. वाक्य संपलं की शेवटच्या शब्दाचा अखेरचा स्वर उच्चारायचा नाही, तिथे थांबायचं. तो स्वर फक्त पुढे आणखी काही यायचं असेल तरच उच्चारतात. पहिलीतलं पोरसुद्धा चुकत नाही. पाटीवरच्या अरबी वाक्यात शेवटचा शब्द 'अल्लाह' होता. उस्तादांनी तो 'अल्लाहि' असा वाचला. त्यांचा आवाज त्या स्वरावर किंचित उंच राहिला, आणि ते पाटीकडे पाहत तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे राहिले. पुढे कोरा दगड होता.

शहाताकाकाला व्याकरण येत नव्हतं, पण कानाला कळलं. "मग?" तो म्हणाला. "पुढे?"

 उस्तादांनी हळूच झोल्टकडे मान वळवली. त्यांना कळलं होतं. चष्म्यामागचे डोळे भरले होते, आणि त्यांत भीती होती, वर्गात फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलाची असते तशी.

"सुलतान," ते म्हणाले, "चुकलं का रे काही?"

झोल्टच्या मनात नियम त्याच्या क्रमांकासकट उभा होता.

"नाही, उस्ताद," तो म्हणाला. तेही गल्लीतल्या भाषेत, भाजीवाल्याच्या, अवातिफकाकूंच्या, आणि वाक्य न जुळवता. "मस्त वाचलंत. चला, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

उस्तादांनी मान हलवली. पण ते लगेच निघाले नाहीत. शहाताकाकाने बादलीतलं उरलेलं पाणी पाटीवर ओतलं आणि सगळे ते खाली ओघळून जाईपर्यंत थांबले.